तिसरी वाकळ

भूत दिसलं म्हणून रडलेली माणसं पुष्कळ असतील. मी भूत आलं नाही म्हणून रडलेली बाई आहे, आणि तेही एकदा नव्हे, दरसाल.

हल्लीची पोरं सुट्टी काढून, आगाऊ पैसे भरून डोंगरातल्या भुताच्या बंगल्यात मुक्कामाला जातात म्हणे. आमच्या घरातलीच दोघं जाऊन आली. काय दिसलं विचारलं तर म्हणाली, काहीच नाही, पण मजा आली. मला त्यांचा रागच आला. ज्याला तुम्ही भूत म्हणता ते कुणाचं तरी माणूस असतं, आणि त्याची कुणीतरी वाट बघत असतं, हे यांच्या डोक्यात कसं येत नाही? पण त्यांना काय बोलणार. त्यांना आजवर कुणाची तशी वाट बघावी लागलेली नाही, आणि लागू नये हेच बरं.

आमचं गाव उमरगा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडिलांना मी अप्पा म्हणायची आणि आईला अव्वा. अव्वाचं माहेर आळंदच्या बाजूला, कानडी मुलखात. ती माझ्याशी कानडीतच बोलायची असं सगळे सांगतात. मला तिचा आवाज आठवत नाही. आठवतो तो फक्त एक हिरवा काठ आणि त्याला येणारा चुलीचा वास. तोही खरंच आठवतो की लोकांकडून ऐकून ऐकून मी तो तयार केला, कोण जाणे.

अप्पांचा धंदा इरकली लुगडी आणि खणांचा. नवरात्राच्या आधी ते बैलगाडीत गठ्ठे भरायचे आणि तुळजापूरला जायचे. मी पाच वर्षांची असेन, त्या साली अव्वाही त्यांच्याबरोबर गेली. मला गोवर निघाला होता म्हणून मला आत्याकडं ठेवलं. परत आले ते एकटे अप्पा. अव्वा देवीपाशी राहिली, एवढंच मला सांगण्यात आलं. मी बरेच दिवस समजत होते की ती तिथं देवीचं काही काम करते, आणि काम संपलं की येईल.

जरा मोठी झाले तेव्हा अप्पा मलाही नेऊ लागले. आत्या कुरकुर करायची. पोरीच्या जातीला जत्रेत कशाला फिरवता, म्हणायची. गाडीत गठ्ठ्यांच्या मध्ये अप्पांनी माझ्यापुरती जागा केलेली असायची आणि तिथं तीन वाकळा घडी करून ठेवलेल्या असायच्या. एक त्यांची, एक माझी, आणि तिसरी अव्वानं स्वतः शिवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची. मी विचारलं, तिसरी कुणाला? अप्पा म्हणाले, थंडी पडली तर. दसऱ्याच्या दिवसांत आमच्याकडं काय थंडी पडते ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण अप्पांना दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

पहिला मुक्काम जळकोटला, दुसरा नळदुर्गला, आणि मग बालाघाटचा डोंगर चढून तुळजापूर. त्या रस्त्यावर तेव्हा सराया होत्या, धर्मशाळा होत्या, आणि एकही अशी नव्हती जिच्यात भूत नव्हतं. नळदुर्गच्या सराईत किल्ल्यातला घोडा टापा वाजवत यायचा. तिथला राखणदार ते इतक्या अभिमानानं सांगायचा की घोडा त्याच्याच मालकीचा वाटावा. तुळजापुरात तर विचारू नका. एका धर्मशाळेत मुंजा होता, तो झोपलेल्याचे केस ओढायचा, त्यामुळं टकले यात्रेकरू तिथं निर्धास्त झोपत. दुसरीत कुणी म्हातारी होती, ती म्हणे नुसती खोकायची. जत्रेत खोकणाऱ्या म्हाताऱ्या काय कमी असतात? पण नाही, ही खोकायची ती वेगळी.

आम्ही उतरायचो ती सराई गावाच्या कडेला होती, घाटाचा रस्ता वर येतो तिथं. काळ्या दगडाची, चौकोनी, चारी बाजूंनी कमानी आणि मधे विहीर. कुणी बांधली, कुठल्या सुलतानाच्या काळात, कुणालाच सांगता येत नव्हतं. जो तो आपल्याला आवडेल त्या राजाचं नाव घ्यायचा. सराई सांभाळायला सरकारनं एक मुसलमान जोडपं ठेवलं होतं. मी त्यांना चाचा आणि चाची म्हणायची. चाचा उंच, बोलघेवडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चाची ठेंगणी आणि गप्प. ती माझ्याकडं बघायची आणि पटकन नजर काढून घ्यायची. मला वाटायचं, मी हिला आवडत नाही.

सराई जत्रेत तुडुंब भरायची. लोक अंगणात झोपत, विहिरीच्या कठड्याला टेकून झोपत, पण कोपऱ्यातली एक खोली कुलूप लावून बंद असायची. ती फक्त अप्पांसाठी उघडायची. बाकी कुणाला द्यायला चाचा तयार होते, घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. त्या खोलीत बाई होती. कुलूप लावलेलं असताना आत दिवा लागलेला लोकांनी पाहिला होता. आतून बोलण्याचा आवाज यायचा. हळू, एकसारखा, आणि कानडीत.

हे मी पहिल्याच साली विहिरीवर ऐकलं. दोन बायका घागरी भरता भरता बोलत होत्या. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यातली एक म्हणाली की ती बाई उमरग्याची, लिंगायताची. इथंच हैजाच्या, पटकीच्या साथीत गेली, पोर घरी ठेवून आली होती, जीव पोरीत अडकला. नवरा बिचारा दरसाल येतो आणि त्याच खोलीत उतरतो.

त्या बाईला वाटलं असेल की पोरगी भ्यायली. मी घागर तिथंच टाकून खोलीकडं पळाले ते भीतीनं नव्हे. मला वाटलं, सापडली. इतकी वर्षं मोठी माणसं मला काहीबाही सांगत होती आणि ती इथं होती, या कोपऱ्यातल्या खोलीत. अव्वा मेली हे मला त्याच घटकेला कळलं आणि अव्वा इथं आहे हेही त्याच घटकेला कळलं. दुसऱ्या गोष्टीच्या आनंदात मी पहिलीचं दुःख करायचंच विसरले.

तेव्हापासून माझं एकच काम. वाट बघायची.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजापूरच्या देवीला पलंगावर निजवतात. ती पौर्णिमेपर्यंत निजलेली असते. देवी पलंगावर आहे म्हणून गावातले पुष्कळ लोक त्या दिवसांत बाजेवर अंग टाकत नाहीत, जमिनीवर झोपतात. सराईतल्या बाजाही भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या असत. अप्पांचा माल दसऱ्यापर्यंत खपून जायचा. बाकीचे व्यापारी त्याच दिवशी गाड्या जुंपायचे. अप्पा मात्र पौर्णिमेपर्यंत राहायचे. का, ते मला आता कळत होतं. अव्वा त्याच दिवसांत गेली होती.

रोज दिवेलागणीनंतर अप्पा तिन्ही वाकळा अंथरायचे. त्यांची दाराशी, माझी भिंतीशी, आणि अव्वाची मधे, कोनाड्याखाली. मग आम्ही दोघं झोपायचो, म्हणजे मी झोपल्याचं सोंग करायची. मी घरून माझं गोवरातलं झबलं चोरून आणलेलं असायचं. अव्वानं मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी एवढीशी होते. आता पाय लांब झालेले, दोन दात पडून नवे आलेले, ती मला ओळखणार कशी? म्हणून मी ते झबलं अव्वाच्या वाकळीवर, उशाशी ठेवून द्यायची. ती आली की आधी झबलं बघेल आणि मग माझ्याकडं बघेल.

ती आली नाही. पहिल्या साली नाही, दुसऱ्या साली नाही. मला वाटायचं, अप्पांमुळं येत नसेल. ते झोपेत कूस बदलायचे, उसासे टाकायचे. त्यांना गाढ झोप लागत नाही म्हणून ती बिचकत असेल. एका साली मी त्यांना सुचवून पाहिलं की तुम्ही अंगणात झोपा, वारं लागेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

पण खूण मात्र होती, आणि तिच्या जोरावर मी टिकून होते. आम्ही आलो की चाचा कुलूप काढायचे, आणि वर्षभर बंद असलेल्या त्या खोलीत कोनाड्याला ताजी काजळी असायची. तेलाचा वास यायचा. किल्ली माझ्याकडं, आत कुणी जात नाही, असं चाचा शपथेवर सांगायचे. मी ती काजळी बोटाला लावून कपाळावर पुसायची. अप्पा ती विभूतीच्या पट्ट्यात मिसळलेली पाहायचे आणि तशीच राहू द्यायचे.

उमरग्याला आमच्याकडं एक म्हातारे स्वामी भिक्षेला यायचे. मी त्यांना एकदा गाठून विचारलं, माणूस मेल्यावर भूत होऊन किती वर्षं राहतं? त्यांनी मला जवळ बसवलं. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. ते चांदीच्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात असतं आणि जन्मभर अंगावेगळं करायचं नसतं. माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मग ते माणूस शिवात मिळालं. मागं काही उरत नाही, भूत नाही, पिशाच नाही. स्वामी हे फार प्रेमानं सांगत होते. आपल्या पोरक्या पोरीला धीर देतोय असं त्यांना वाटत होतं.

मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांच्या पाया पडले नाही. शेजारच्या पाटलांच्या मुलीची आई पितरांत कावळा होऊन यायची, खीर खायची. आमच्यात पितर नाहीत, पिंड नाही, कावळासुद्धा नाही. सगळ्या जगाच्या आया कुठल्या ना कुठल्या रूपानं परत येऊ शकतात, आणि माझ्याच आईला धर्मानं बंदी, हा कुठला न्याय? अप्पांना विचारलं तर तेही तेच म्हणाले.

"आपल्यात माणूस मागं ऱ्हात न्हाय. शिवात जातं."

मग तुम्ही पौर्णिमेपर्यंत कुणासाठी थांबता, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी गिळलं.

पुढं दिवस वाईट आले. रझाकारांची धामधूम सुरू झाली, रस्ते बिनभरवशाचे झाले. अप्पांनी तुळजापूरला जाणं थांबवलं. नवरात्र आलं की ते ओट्यावर बसून घाटाच्या दिशेला बघत राहायचे. मी आत भाकरी थापता थापता तेच करायची. आमच्या दोघांत त्याबद्दल एक शब्द व्हायचा नाही. घरात दोन माणसं, दोघांना एकच गोष्ट हवी, आणि दोघंही दुसऱ्याला ती नको आहे असं धरून चाललेली.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं. त्याच्या दुसऱ्या साली अप्पांनी पुन्हा गाडी काढली. मी तोवर लुगडं नेसू लागले होते. माझं लग्न ठरलं होतं, कानडी मुलखातच, अव्वाच्या माहेराच्या पलीकडं. म्हणजे माझी ही शेवटची खेप होती. सासरहून सुनेला कोण पाठवणार सराईत आईची वाट बघायला? या वेळी आली तर आली, नाहीतर कधीच नाही. झबलं मी या वेळीही घेतलं. आता मला त्याची लाज वाटत होती, तरी घेतलं.

सराई निम्मी रिकामी होती. चाचा गेल्या उन्हाळ्यात वारले होते. चाची एकटीच दारात बसली होती, पार वाळून गेलेली. सराई आता कचेरीला द्यायची ठरली होती आणि ती गुलबर्ग्याला भावाकडं निघाली होती. सामान बांधून झालं होतं. तुम्ही याल म्हणून पौर्णिमेपर्यंत थांबायचं ठरवलं, असं ती अप्पांना म्हणाली. किल्ली तिनंच काढून दिली. कोनाड्याला काजळी होती, ताजी.

त्या दिवशी अप्पा देवीच्या दर्शनाला गेले. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी तिसरी वाकळ तेव्हाच अंथरली, तिच्यावर झबलं पसरलं आणि समोर बसले. दिवस मावळायला आला होता. मी मोठ्यानं बोलायला लागले. अव्वा, मी आले, म्हटलं. माझं लग्न ठरलंय, म्हटलं. मी आता परत येणार नाही, तेव्हा तुला यायचं असेल तर आज ये.

दार उघडलं. हातात दिवा घेऊन बाई आत आली.

ती चाची होती. तिला वाटलं होतं आम्ही दोघंही देवळात गेलो. तिनं मला पाहिलं, वाकळीवरचं झबलं पाहिलं, आणि मी उठून तिच्या हातातला दिवा घेतला. ती खाली बसली. सगळं तीच बोलली, आणि इतकी वर्षं गप्प असलेली ती बाई बोलताना थांबेना.

त्या साली हैजा सुरू झाला तेव्हा अप्पा औषधाला सोलापूरला धावले होते. अव्वाजवळ चाची राहिली. तिनंच तिचं सगळं केलं, ओकाऱ्या साफ केल्या, कपडे बदलले. अव्वाच्या गळ्यातला दोरा घाणीनं भरला होता.

"म्याच काढला तो, बेटी," चाची म्हणाली. "पाक चीज हाय, घाणीत कशाला ऱ्हावी, म्हनलं. धुतला, वाळत घातला. डबी पुसून वर कोनाड्यात ठिवली, आमी कुरान ठिवतो तशी. अंगावेगळी करायची नसती हे मला कुठं ठावं?"

दोरा वाळायच्या आत अव्वा गेली. साथीच्या बंदोबस्ताची सरकारी माणसं आली, चुना टाकला, आणि इतर प्रेतांबरोबर तिला गावाबाहेर एकाच खड्ड्यात पुरून मोकळी झाली. अप्पा पोचले तेव्हा खोलीत काहीच नव्हतं. कोनाड्यात डबी होती. अप्पांनी ती पाहिली आणि ही अंगावेगळी कुणी केली, असं विचारलं. तेव्हा चाचीला कळलं की आपल्या हातून काय झालं.

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला या खोलीत यायची. एक जादा किल्ली तिच्याकडं होती, चाचांनाही माहीत नसलेली. अव्वा डबी शोधत आली तर तिला जागा दिसावी, म्हणून ती कोनाड्यात दिवा लावायची. दिवा लावताना काहीतरी म्हणायला हवं. आमच्या धर्मातलं तिला काही येत नव्हतं, तिच्या धर्मातलं म्हणावं तर अव्वाला चालेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून शेवटच्या दिवशी अव्वा जे पुन्हा पुन्हा बोलत होती, तेवढंच ती म्हणायची. अर्थ तिला ठाऊक नव्हता. कुठलीतरी प्रार्थना असेल, असं तिनं धरलं होतं.

मी विचारलं, काय म्हणायची ती?

चाचीनं पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि हळू, एकसारखं म्हटलं, "मलको, मगा, मलको. मलको, मगा, मलको."

कानडीत मलको म्हणजे झोप. मगा म्हणजे बाळा. मी घरी तापानं फणफणले होते आणि ती इथं या जमिनीवर पडून मला झोपवत होती. मी तो अर्थ चाचीला सांगितला. मग तिनं मला ओढून मांडीवर घेतलं, एवढी लग्नाची घोडी झालेली मी, आणि माझ्या पाठीवर थोपटत पुन्हा तेच म्हणत राहिली. आता तिला अर्थ ठाऊक होता. मी आयुष्यात तशी कधी रडले नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

उठताना ती म्हणाली, "तुज्या अप्पाच्या गळ्यात दोन डब्या हायेत. तू बघितल्या न्हाईस?"

मी नव्हत्या बघितल्या. अप्पा पूजेला बसले की दार लावून घ्यायचे, आणि पूजेतल्या माणसाकडं बघायचं नाही ही घरची शिस्त. पौर्णिमा झाली. चाचीला गुलबर्ग्याच्या मोटारीत बसवून दिलं. ती खिडकीतून हात हलवत नव्हती, नुसता बाहेर काढून ठेवला होता. झबलं मी तिच्या बोचक्यात घातलं होतं. पुढं ती भेटली नाही.

आमचा परतीचा मुक्काम नळदुर्गला पडला. सकाळी अप्पा बोरी नदीवर आंघोळ करून खडकावर पूजेला बसले. या वेळी मी शिस्त मोडली आणि समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या डाव्या तळहातावर दोन लिंगं होती, एकाशेजारी एक. त्यांनी मला पाहिलं, पण मूठ मिटली नाही. पूजा पूर्ण केली, विभूती लावली, दोन्ही डब्यांत ठेवून दोरा गळ्यात घातला. मग मीच विचारलं.

"अप्पा, अव्वा कधी आली व्हती का हो?"

ते नदीकडं बघत होते. "न्हाय," म्हणाले. "म्या लई वाट बघितली. डोळे मिटून पडायचो. तू जागी ऱ्हातीस म्हणून येत नसंल, असं वाटायचं."

मी त्यांना सांगितलं की मीही डोळे मिटून पडायची, आणि मला वाटायचं ती तुमच्यामुळं येत नाही. अप्पा हसले. हसता हसता त्यांनी पागोट्याच्या सोग्यानं तोंड झाकलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी त्यांच्याजवळ खडकावर बसले. चाचीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, दिव्याचं, आणि शेवटच्या शब्दांचं. ते शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. गाडी जुंपताना त्यांनी एकच सांगितलं, की मी मेल्यावर या दोन्ही डब्या माझ्या हातात द्यायच्या, हे काम तुझं.

ते काम मी केलं. त्याला आता किती वर्षं झाली. निरोप आला तशी सासरहून निघाले. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, जणू गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेत. मी त्यांचा डावा तळहात उघडला आणि दोन्ही लिंगं त्यावर ठेवली. तरुण स्वामी होते. ते म्हणाले, एका हातात एकच असतं, ताई. मी त्यांना सांगितलं की हे दुसरं अव्वाचं, तिच्या वेळी तिच्या हातावर ते कुणी ठेवलं नाही, म्हणून इथं आहे. मग त्यांनी स्वतः खाली बसून अप्पांची बोटं एकेक करून मिटली.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते खरं सांगते. मला बरं वाटलं, आणि त्याच घटकेला वाईटही वाटलं. अव्वा आता शिवात मिळाली होती. म्हणजे ती आता कधीच येणार नव्हती, आणि तिला तिकडं पाठवलं ते मीच, माझ्या या हातांनी.

परवा मुलानं मला तुळजापूरला नेलं. सराईच्या जागी काय आहे ते शोधायचा मी प्रयत्न केला, पण तिथं सगळी लॉजं आणि प्रसादाची दुकानं. एक कोपरा मला ओळखीचा वाटला, घाट वर येतो तिथला. तिथल्याच लॉजमध्ये उतरायचं म्हणून मी हट्ट धरला. खोली चांगली होती, पंखा, फरशी, दोन पलंग. देवी निजलेली होती म्हणून मी माझी गादी खाली घालून घेतली. मुलगा हसला, पण त्यानं घातली. मग मी खालच्या पोऱ्याला बोलावून आणखी एक अंथरूण मागितलं. तो म्हणाला, आजी, माणसं तर दोनच आहेत, तिसरं कुणाला?

मी म्हटलं, थंडी पडली तर.